दोन इसा, एक कमी

सुरतेतल्या गोडादऱ्यात सुकदेव आबांच्या शेडवर एक पाटी होती. रंगाऱ्याला 'मोटारीच्या डिफरन्शियलचे' हे शब्द फारसे महत्त्वाचे वाटले नसावेत. ते त्याने वर बारीक अक्षरांत उरकले, आणि खाली 'दात मोजून मिळतील' एवढं मात्र रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल असं ठळक काढलं. परिणामी वर्षाकाठी तीन-चार माणसं गाल धरून येत. आबा त्यांना बसवत, पाणी देत आणि लिंबायतच्या डॉक्टरांचा पत्ता सांगत. आबांच्या स्वतःच्या तोंडात अकरा दात होते. ते त्यांनी कधी मोजले नव्हते; हा आकडा त्यांच्या पत्नीचा, मालतीबाईंचा.

ज्यांना मोटारीच्या पोटाखाली शिरण्याचा योग आला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो. इंजिनाकडून येणारा लांब दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, त्यात शिरतो. गोळ्याच्या आत एक मोठं दातेरी चक्र असतं, ते क्राउन, आणि एक लहान, ते पिनियन. लहानगं मोठ्याला फिरवतं आणि मोठं चाकांना. लहानग्याच्या किती फेऱ्या झाल्या की मोठ्याची एक होते, यावर गाडी ओढणारी निघणार की पळणारी, ते ठरतं. दोन्ही गुण एकाच वेळी मिळत नाहीत. हे माणसांनाही लागू आहे, पण आबा माणसांबद्दल बोलत नसत.

आबा या गोळ्याला 'डिफ्रेशन' म्हणत. शिकलेली गिऱ्हाइकं त्यांचा उच्चार सुधारत आणि पुढच्या खेपेला स्वतःच डिफ्रेशन म्हणत.

मूळचे ते पारोळ्याकडचे. एकोणसत्तर साली भुसावळहून येणाऱ्या पॅसेंजरने सुरतेत उतरले आणि आठवड्याच्या आत उधन्याच्या एका कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, लागले. पुढे त्याच कारखान्यात लूम दुरुस्त करणारे झाले. लूमच्या एका बाजूला एक दातेरी चक्र असतं. त्याचे दात बदलले की कापडाच्या इंचात बसणारे आडवे धागे बदलतात, आणि कापड विरळ किंवा घट्ट होतं. सोळा वर्षं आबांनी दात मोजून कापड जाड-बारीक केलं. मग एकदा मालकाची मोटार कारखान्याच्या अंगणात मागून कर्कर करत बंद पडली, मिस्त्री तीन दिवस आला नाही, आणि आबांनी तो गोळा सहज म्हणून उघडला. आत पाहतात तर ओळखीचीच मंडळी. त्यानंतर ते लूमवर फार दिवस टिकले नाहीत.

त्यांच्या कामाला एक कडक सीमा होती. मागचा एक्सल, बस. इंजिन, ब्रेक, दिवे यांबद्दल कुणी विचारलं की ते 'पुढच्या माणसाला विचारा' म्हणत. पुढचा माणूस म्हणजे शेजारच्या शेडमधला इंजिनवाला, पण नवख्याला वाटायचं की आबा त्याला रांगेत उभं करताहेत.

गोळा न उघडता आतले दात ओळखायचे, ही त्यांची खरी ख्याती. गाडी न्यूट्रलला टाकायची. मागचं एक चाक जॅकवर उचलायचं, दुसरं जमिनीवरच ठेवायचं. उचललेल्या चाकावर खडूने एक रेघ, प्रोपेलर शाफ्टवर एक रेघ. मग चाक हाताने दोन वेळा पूर्ण फिरवायचं आणि तेवढ्यात शाफ्ट किती वेळा फिरला ते मोजायचं. दोन वेळा अशासाठी की दुसरं चाक जागेवर अडलेलं असताना या चाकाच्या दोन फेऱ्यांना आतला क्राउन एकदाच फिरतो. ही गोष्ट रिंग रोडवरच्या एका नामांकित मिस्त्रीला ठाऊक नव्हती. त्याने चाक एकदाच फिरवलं, शाफ्टच्या जेमतेम सव्वादोन फेऱ्या मोजल्या आणि त्या हिशेबाने असा एक भाग मागवला जो पृथ्वीवरच्या कुठल्याही मोटारीसाठी अजून बनलेला नव्हता. आबा हा किस्सा सांगत नसत. कुणी सांगितला तर थांबवतही नसत.

आता त्यांच्या मोजण्याबद्दल. मोटारीचे दात असोत की बाजारातली लिंबं, आबा आईने शिकवलं तसं विसाविसाने मोजत. अहिराणीत वीस म्हणजे इसा. साठ म्हणजे तीन इसा. पंचावन्न म्हणजे तीन इसा, पाच कमी. बेचाळीस म्हणजे दोन इसा, दोन. या पद्धतीत एकच जागा नाजूक आहे. अधिक असेल तर वेगळा शब्द लागत नाही, उणे असेल तर शेवटी 'कमी' म्हणावं लागतं. तो शेवटचा शब्द नीट पोहोचला तर ही पद्धत निर्दोष आहे.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत, उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीचे, फाटके पतंग अजून विजेच्या तारांवर लटकत होते तेव्हा, वाल्मिक एक गाडी ओढून घेऊन आबांकडे आला. गाडी होती छप्पन सालची लँडमास्टर. रंग दुधात चहा थोडा जास्त पडावा तसा. मालक नानपुऱ्याचे ठाकोरभाई शेठ, ज्यांचे कडोदऱ्याला लूम होते. वाल्मिक त्यांचा एकोणीस वर्षांपासूनचा ड्रायव्हर.

त्याआधीची सहा वर्षं वाल्मिकने त्याच कडोदऱ्याच्या लूमवर काढली होती. तिथे त्याचा डावा कान गेला. गेला म्हणजे अगदी बंद झाला नाही. त्या कानात लूमचा खडखडाट अजून चालू असे, फक्त बाकी काही ऐकू येत नसे. शिंदखेड्याकडचा हा माणूस, लग्न होऊन सुरतेत आलेला, एका दुपारी शेठना दवाखान्यात पोचवायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून स्टिअरिंगवर बसला आणि मग उठलाच नाही. गाडी बंद काचांची आणि शांत. वाल्मिकला तिच्यात बसलं की डाव्या कानातला कारखानासुद्धा जेवणाच्या सुट्टीवर गेल्यासारखा वाटे.

आता डिफरन्शियलचे तीन दात तुटले होते आणि पंधरा दिवसांवर शेठच्या मुलाचं, बिपिनभाईंचं, लग्न होतं. शेठ स्वतः याच गाडीत बसून लग्नाला गेले होते. मुलानेही तसंच जावं, ही त्यांची इच्छा. मुलाची इच्छा मित्राच्या विलायती, बिनटपाच्या, पांढऱ्या गाडीत उभं राहून हात हलवण्याची. शिवाय मागच्या वर्षी एका पुतण्याच्या वरातीत लँडमास्टरचा क्लच जळला होता, आणि वऱ्हाडाने नवरदेवासकट ती अर्धा मैल ढकलत नेली होती. बँड वाजतच होता. त्या दिवसाचे फोटो बिपिनभाईंनी जपून ठेवले होते आणि आता ते बापापुढे मांडले.

ठाकोरभाईंनी निकाल दिला. तो वाल्मिकला उभा करूनच दिला.

"गाडी वरघोडामां चाली तो तू ड्रायव्हर. नी चाली तो गाडी भंगारमां ने तू कडोदरा."

वरघोडा म्हणजे वरात, आणि 'नी' म्हणजे नाही. भंगार आणि कडोदरा ही दोन ठिकाणं शेठनी एका दमात उच्चारली, हे वाल्मिकच्या ध्यानात राहिलं. वाईट शेठ नव्हते. ते आपल्या परीने त्याला नोकरीची हमीच देत होते.

आबांनी गाडी जॅकवर घेतली, रेघा ओढल्या, चाक दोनदा फिरवलं. शाफ्टच्या पाच फेऱ्यांना जरासं कमी पडलं. तेवढ्यावर त्यांनी सांगून टाकलं: मोठ्याचे एकोणचाळीस, लहानग्याचे आठ. मग गोळा उघडला, तुटलेल्या दातांचीही मुळं धरून बोट फिरवलं. एकोणचाळीस. आठ.

तोवर ठाकोरभाई स्वतः शेडवर आले. त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं की या गाडीला दुसऱ्या प्रकारचं डिफरन्शियलही बसतं, नव्या ॲम्बेसेडरांत निघालेलं, एकेचाळीस दातांचं. कापडाचा व्यापारी माणूस. एकाच भावात दोन दात जास्त मिळत असताना कमी दातांचं कोण घेतं, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. आबांनी त्यांना समजावलं की एकेचाळीसच्या जोडीला लहानगं नऊ दातांचं येतं. त्यामुळे शाफ्टच्या साडेचार फेऱ्यांतच चाकाची एक फेरी होते, गाडी पळायला बरी पण ओढायला ढिली. वरात म्हणजे माणसाच्या चालीपेक्षा हळू. तिथे पळण्याचा उपयोग नाही. एकोणचाळीसवर वाल्मिक दोन तास कसेबसे निभावून नेईल, एकेचाळीसवर क्लच पुन्हा जळेल.

"मोठ्याचे दात विचारू नका शेठ," आबा म्हणाले. "लहानग्याचे विचारा."

"नानाने कोण पूछे?" ठाकोरभाई म्हणाले. लहानांना कोण विचारतो, असं म्हणताना त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या बिपिनभाईंकडे पाहिलं, त्यामुळे तो मुद्दा तिथेच राहिला. पण काम आबांवर सोडून ते गेले.

आठवडाभर शोधूनही सुरतेत या गाडीचा माल मिळेना. धुळ्याला जुन्या टॅक्सींचे सुटे भाग विकणारा एक जण होता. आबा लग्नसराईत शेड सोडत नसत, म्हणून वाल्मिकनेच जायचं ठरलं. निघायच्या दिवशी सकाळी आबा शेडमागच्या आपल्या घराच्या मोरीजवळ उभे होते, गालात तंबाखू होती. त्यांनी वाल्मिकला दोन गोष्टी बजावल्या. क्राउन आणि पिनियन एकमेकांवर घासून जोडीने बनतात आणि दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. तो नंबर जुळला नाही तर हात लावायचा नाही. ही पहिली. दुसरी, मोठ्याचे दात.

"दोन इसा, एक," आबा म्हणाले, आणि मान मोरीकडे वळवून थुंकले. पुढचा शब्द थुंकीच्या मागोमाग गेला. वाल्मिक त्यांच्या उजवीकडे उभा होता, म्हणजे त्याचा डावा कान आबांकडे होता. लहानग्याचे किती, हे आबांनी सांगितलंच नाही. एकोणचाळीसला आठच असतात, त्यात सांगायचं काय, असं त्यांना वाटलं. आठवड्यापूर्वीच त्यांनी शेठना याच बाबतीत उपदेश केला होता.

वाल्मिक नवापूरमार्गे धुळ्याला गेला. तिसऱ्या दिवशी परतला तो पोत्यात गुंडाळलेलं चाळीसेक किलोचं धूड घेऊन, एसटीच्या कंडक्टरशी दोन ठिकाणी भांडून आणि अत्यंत प्रसन्न. विकणाऱ्याकडे दोन नग होते. दोघांचेही नंबर जुळत होते. पहिला त्याने मोजला तर दोन इसाला एक कमी पडला. तो त्याने बाजूला ठेवला. दुसरा बरोब्बर भरला. नंतर आबांना सर्वात जास्त लागलं ते हेच, की योग्य वस्तू या माणसाच्या मांडीवर येऊन गेली होती.

आबांनी पोतं सोडलं. एका दातावर खडूची खूण केली आणि बोट फिरवत निघाले. दोन इसा झाले. खूण अजून आली नव्हती. मग एक दात, आणि मग खूण आली. त्यांनी परत मोजलं. मग लहानग्याचे मोजले. नऊ.

"हाई काय लयी उना भो?" त्यांनी विचारलं. हे काय घेऊन आलास.

"तुम्हीच सांगेल व्हतं ना, आबा. दोन इसा, एक."

"कमी. दोन इसा, एक कमी."

मालतीबाई मागे भांडी लावत होत्या. त्यांनी हातातलं काम न थांबवता साक्ष दिली.

"कमी तुम्ही मोरीमा थुंकनात. मी तठेच भांडा घासत व्हते. मी ऐकं."

मग तेव्हाच का नाही सांगितलं, असं आबांनी विचारलं. मालतीबाई म्हणाल्या की वाल्मिकला काय आणायला सांगितलंय हे आपल्याला कुठं माहीत. कमी कमी तर आबा दिवसभर म्हणत असतात, भाजीत मीठ कमी, चहात साखर कमी.

वाल्मिकने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि बसला. मग म्हणाला की कडोदऱ्याला आता नवे लूम आलेत म्हणे, आवाज कमी करतात. हे खरं नव्हतं हे तिघांनाही माहीत होतं.

नाक्यावरच्या एसटीडी बूथवरून धुळ्याला फोन लावला. बाजूला ठेवलेला तो पहिला नग आदल्या संध्याकाळीच शिरपूरच्या एका टॅक्सीवाल्याने नेला होता. लग्न परवावर आलं होतं.

आबांनी एकेचाळीसचं बसवलं. दुसरं बसवण्यासारखं काही नव्हतंच. शुक्रवारी दुपारी गाडी जमिनीवर आली, कर्कर गेली होती, मागून नुसता बारीक घुमण्याचा आवाज येत होता. ठाकोरभाईंना कळवण्यात आलं की एकेचाळीस बसलंय. ते खूश झाले. त्यांना वाटलं, आबांना शेवटी व्यवहार समजला.

आबा मात्र गोडादऱ्याच्या रस्त्यावर एक वेगळाच प्रयोग करत होते. वाल्मिकने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायची, क्लच पूर्ण सोडायचा, ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. गाडी आपली आपण जशी चालेल तशी चालू द्यायची. आबा मनगटावरच्या घड्याळात बघत तिच्या बाजूने चालत होते. मिनिटाला शहाण्णव पावलं. तीनदा मोजली, तिन्ही वेळा शहाण्णव. जुन्या डिफरन्शियलवर हीच गाडी नव्वद पावलांनी चालली असती, हे त्यांनी मनात काढलं. म्हणजे मोरीत गेलेल्या त्या एका शब्दाची किंमत मिनिटाला सहा पावलं. आबांना बरं वाटलं. रोगाचं माप मिळालं की त्यांचा अर्धा ताप उतरत असे.

क्लच जळतो तो अर्धवट दाबून ठेवल्यामुळे. पूर्ण सोडला तर जळत नाही, पूर्ण दाबला तरी जळत नाही. वरातीत तो अर्धवट ठेवावा लागतो, कारण वरात चालतही नाही आणि थांबतही नाही. नाचत नाचत सरकते. आबांनी असा विचार केला की गाडी वरातीप्रमाणे चालवता येत नसेल, तर वरात गाडीप्रमाणे चालवावी.

बँड बळीरामचा होता. हाही गोडादऱ्यातलाच, खान्देशातलाच. त्याची बहुतेक वाजवणारी माणसं दिवसा लूमवर असत आणि लग्नसराईत लाल कोट घालत. आबा त्याच्या घरी गेले आणि त्याला योजना सांगितली. एक गाणं चालायचं, एक गाणं नाचायचं. चालायच्या गाण्यात सगळ्यांनी नुसतं चालायचं, शहाण्णवच्या ठोक्यावर. गाडी क्लच सोडून मागून येईल. मग थांबायचं, गाडी न्यूट्रलला, आणि बायाबापड्यांनी मनसोक्त नाचून घ्यायचं. परत चालायचं.

बळीरामला हे अपमानकारक वाटलं. त्याने आयुष्यभर गाण्याची चाल गाणं बघून ठरवली होती. मोटार बघून ठरवायची वेळ त्याच्यावर आली नव्हती.

"गाडीची चाल आता बदलत नाही, बळीराम," आबा म्हणाले. "तुझी बदलते. म्हणून तुझ्याकडे आलो."

बळीरामने मिनिटाला किती म्हणून विचारलं. आबा उठले, दाराबाहेर जाऊन तोंड रिकामं केलं, परत येऊन बसले, आणि म्हणाले: पाच इसा, चार कमी. बळीरामने ते पाटीवर आकड्यात लिहायला लावलं.

वरात शनिवारी दुपारी चारला नानपुऱ्यातून निघाली. बिपिनभाई मागच्या सीटवर तोंड पाडून बसले होते. पुढे वाल्मिक, पांढरा शर्ट, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर बळीरामच्या उचललेल्या कर्ण्यावर. आबा बँड आणि बॉनेट यांच्यामधल्या जागेत चालत होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण मालतीबाईंनी धुतलेली टोपी दिल्यामुळे ते मुलीकडचे वाटत होते आणि दोनदा त्यांच्या अंगावर गुलाबपाणी उडालं.

योजना सुंदर चालली. शेठच्या बहिणी तर म्हणाल्या की टाचेला बंपर लागेल ही धास्ती न बाळगता आयुष्यात पहिल्यांदा वरातीत नाचलो. बघ्यांना वाटलं, या घराण्यात ही पद्धतच असावी. अर्धा रस्ता असाच कापला.

अठवा भागाच्या अलीकडे नवरदेवाचे फुवा, म्हणजे आत्याचे यजमान, पुढे सरसावले. गाणं चालायचं सुरू होतं आणि फुवांना नाचायचं होतं. त्यांनी बळीरामच्या कोटाच्या खिशात काहीतरी कोंबलं, कानाशी लागून काहीतरी सांगितलं, आणि बँडची चाल उतरत उतरत पार झोपाळ्यासारखी झाली. फुवा मध्येच गिरकी घेऊ लागले. मागची माणसं थबकली, मग सरकली, मग परत थबकली. नेहमीची वरात सुरू झाली.

वाल्मिकचा पाय क्लचवर गेला, अर्ध्यावर थांबला. थांबवणं भाग होतं. पुढे फुवा होते. दोनच मिनिटांत बॉनेटखालून तो वास आला, जळक्या दोरीसारखा. आबांना तो आला. मागच्या सीटवर बिपिनभाईंनाही आला, आणि त्यांनी मागच्या वर्षीचे फोटो आठवून डोळे मिटले. आबांनी मागे वळून काचेतून पाहिलं. वाल्मिकच्या कपाळावर घाम होता आणि तो आबांकडे असा पाहत होता, की पुढच्या सोमवारपासून तो कुठे असेल हे त्याच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं.

फुवांना अडवणं शक्य नव्हतं. त्यांचा मान मोठा होता आणि घेरही. बळीरामपर्यंत हाक पोहोचत नव्हती. आबांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. शहाण्णवच्या ठोक्याने, डोक्यावर हात नेऊन, जोरात, आणि त्याच ठोक्याने पाय आपटत सरळ चालू लागले. त्यांना पाहून पहिला ढोलवाला गोंधळला. दहा तास लूमवर काढणारा माणूस. स्थिर ठोका कानावर पडला की त्याचे हात त्या ठोक्यावर जातात, इलाज नसतो. त्याने तो उचलला. मग दुसरा ढोल, मग ताशे. कर्णे थोडा वेळ एकटेच झोपाळ्यावर राहिले आणि मग नाइलाजाने उतरून मागे आले. ढोलांनी ढकलली की वरात थांबत नाही. फुवासुद्धा गिरकीतून बाहेर पडले ते चालतच, आणि हे आपल्यालाच सुचलं अशा थाटात हात हलवत पुढे निघाले.

वाल्मिकने क्लच सोडला.

गाडी हॉलच्या दारात स्वतःच्या बळावर पोचली. बिपिनभाई उतरले, क्षणभर थांबले आणि बॉनेटवर हात ठेवून बघितला, ताप आलेल्याचं कपाळ बघावं तसा. मग आत गेले. नव्या सुनेला ती गाडी आवडल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं, आणि विलायती गाडीचा विषय घरात निघेनासा झाला.

सोमवारी ठाकोरभाई शेडवर आले, पेढे घेऊन. बसल्या बसल्या त्यांनी सांगितलं की हे सगळं दोन दात जास्त घेतल्यामुळे झालं. मी आधीच म्हटलं होतं. आबांनी खरं काय ते सांगायचा प्रयत्न केला, लहानग्यापासून सुरुवात केली, पण शेठचं तोवर अकरा जणांना सांगून झालं होतं आणि त्यातल्या दोघांकडे जुन्या गाड्या होत्या. त्या दोघांनी आबांकडे एकेचाळीसचीच मागणी नोंदवली. जाताना शेठ म्हणाले की गाडी आता इतकी छान पळते, तर रोज सकाळी कारखान्यावर हिच्यातूनच जाईन. वाल्मिकने नऊला तयार राहावं.

शेठ गेल्यावर वाल्मिक मागे रेंगाळला. धुळ्याला परत कधी जाऊ, असं त्याने विचारलं. शिरपूरच्या टॅक्सीवाल्याशी अदलाबदल होईल का ते बघतो म्हणाला. या वेळी कागदावर लिहून द्या.

"गाडी आता कुठं कुठं जानार?" आबांनी विचारलं.

रोज कडोदरा, वाल्मिक म्हणाला. हायवेने. वरातीचं म्हणाल तर शेठची धाकटी अजून सातवीत आहे.

आबा बराच वेळ खडूशी खेळत बसले.

"मग राहू दे. हेच बरोबर आहे," ते म्हणाले. "मी दोन तासांचं माप काढलं होतं. बाकी वर्षभर गाडी काय करते, ते मी तुला विचारलंच नाही."

मालतीबाईंनी आतून विचारलं की हे परत एकदा मोठ्याने म्हणता का. आबांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

मंगळवारी सकाळी लँडमास्टर कडोदऱ्याच्या रस्त्याला लागली. चाळीसच्या वेगात इंजिन पूर्वी कण्हायचं, ते आता नुसतं गुणगुणत होतं. पर्वत पाटियाच्या पुढे ठाकोरभाईंना डुलकी लागली. वाल्मिकने गाडी कारखान्याच्या दारात नेऊन उभी केली. आत सगळे लूम चालू होते. त्याने आपल्या बाजूची काच वर केली, इंजिन बंद केलं, आणि शेठना उठवण्याची घाई केली नाही.